दुसरे मत

भंडाऱ्याची १९५४ ची पोटनिवडणूक आपण नेहमी पराभवाची आठवण म्हणून सांगतो. बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पडले, काँग्रेसचे भाऊराव बोरकर राखीव जागेवर निवडून आले, आणि घटनेच्या शिल्पकाराला जनतेच्या मतावर लोकसभेत जाता आले नाही. या गोष्टीचा संताप रास्तच आहे. परंतु त्या संतापाखाली आणखी एक इतिहास दडपला गेला आहे. त्या दिवशी हातात दोन मतपत्रिका घेऊन पडद्याआड गेलेल्या अनाम अस्पृश्य स्त्रीपुरुषांचा तो इतिहास आहे.

ही पोटनिवडणूक आली कशी? १९५२ साली भंडाऱ्यात झालेली निवडणूक सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९५४ मध्ये रद्दबातल ठरविली. निवडून आलेले चतुर्भुज जसानी ज्या बिडी कंपनीचे भागीदार होते, तिचा केंद्र सरकारला बिड्या पुरविण्याचा करार चालू होता. म्हणून ते अपात्र ठरले. राखीव जागेसाठी उभे राहू पाहणाऱ्या गंगाराम ठवरे यांचा अर्ज, ते महानुभाव पंथाचे म्हणजे महार नव्हेत, असे म्हणून फेटाळला गेला होता. तेही चूक ठरले. पंथ बदलला तरी जात सुटली नाही, असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला लिहावे लागले. धर्मांतराच्या आधी अवघी दोन वर्षे, नागपूरच्या शेजारच्याच जिल्ह्यातील हे प्रकरण आहे.

भंडारा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह. पडद्यामागे जायचे आणि कागद पेटीत टाकायचा. दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. दोन्ही कागद एकाच पेटीत पडले, तर त्यातला एकच मोजला जाई, दुसरा वाया. यालाच त्या काळी 'मत कुजविणे' म्हणत.

या दुसऱ्या मताला आपल्या चळवळीत जुना इतिहास आहे. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना दोन मते दिली होती. एक मत स्वतःच्या प्रतिनिधीसाठी, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघातील उमेदवारासाठी. या दुसऱ्या मताचे मोल बाबासाहेबांनी फार मोठे मानले होते. कारण त्या मतासाठी सवर्ण उमेदवाराला महारवाड्याच्या दारात यावे लागले असते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने राखीव जागा वाढल्या, पण ते दुसरे मत गेले. वीस वर्षांनी द्विसदस्य मतदारसंघात दुसरे मत पुन्हा हाती आले, परंतु आता ते सवर्णांच्याही हाती होते. म्हणजे व्यवहार दुहेरी झाला. आम्ही तुमच्या माणसाला मत द्यायचे, तुम्ही आमच्या माणसाला. यात करारपत्र नाही, साक्षीदार नाही. पडद्यामागे कोण काय करतो हे कोणालाही दिसत नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या हजारो माणसांनी एकमेकांच्या शब्दावर विसंबायचे, एवढेच.

या विसंबण्याचे काय होते हे मुंबईत दिसले होते. १९५२ साली उत्तर मुंबईत शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांची युती होती. बाबासाहेब राखीव जागेवर काजरोळकरांकडून सुमारे चौदा हजार मतांनी पडले, आणि वाया गेलेली मते मात्र सत्तर हजारांहून अधिक निघाली. कॉ. डांगे यांनी मते कुजविण्याचा प्रचार केला, असा आरोप झाला. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक रद्द करण्यासाठी केलेला अर्ज फेटाळला गेला. घाव ताजा होता.

अशा वेळी भंडारा आला. राखीव जागेसाठी बाबासाहेब, सर्वसाधारण जागेसाठी प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता. मेहता भावनगरात जन्मलेले, मुंबईच्या कामगार चळवळीतले. धानाच्या शेतावर राबणाऱ्या किंवा बिड्या वळणाऱ्या भंडाऱ्याच्या महाराला हा माणूस सर्वस्वी परका. कार्यकर्त्यांतून सूचना आली, की आपल्या लोकांनी फक्त बाबासाहेबांना मत द्यावे आणि दुसरे कुजवावे. बाबासाहेबांनी ती मानली नाही. ज्याने घटना लिहिली त्याने लोकांना मत वाया घालविण्यास सांगावे हे होणे नाही, मग पराभव आला तरी चालेल, अशी त्यांची भूमिका होती, असे त्या निवडणुकीत काम केलेल्यांच्या आठवणींत नोंदलेले आहे.

येथे कायद्याची एक बाजू लक्षात घेतली पाहिजे. ती सहसा सांगितली जात नाही. द्विसदस्य मतदारसंघात आधी राखीव जागा भरली जाई. अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला अधिक मते, तो निवडून येई. मग उरलेल्या सर्व उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते असतील, तो दुसऱ्या जागेवर जाई. त्याची जात कोणतीही असो. १९५७ साली आंध्रातील पार्वतीपुरम मतदारसंघात व्ही. व्ही. गिरी अशाच रीतीने पडले आणि दोन्ही जागा अनुसूचित जमातींच्या उमेदवारांना मिळाल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली तो निकाल ग्राह्य धरला. म्हणजे भंडाऱ्यात बोरकर पहिल्या जागेवर गेल्यानंतर दुसऱ्या जागेची शर्यत मेहता आणि बाबासाहेब यांच्यातही होतीच. मेहतांची मते बाबासाहेबांच्या खाली आली असती, तर बाबासाहेब त्या जागेवर लोकसभेत जाऊ शकले असते. कार्यकर्त्यांची सूचना अडाणीपणाची नव्हती, तिच्यात पक्के गणित होते. दलितांच्या हातातील दुसरा कागद मेहतांच्या पेटीत टाकणे म्हणजे आपल्याच नेत्याच्या प्रतिस्पर्ध्याचे बळ वाढविणे होते.

निकाल काय लागला? मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. मेहतांना बाबासाहेबांपेक्षा जास्त मते पडली, यातच सर्व आले. मेहतांना मत देणाऱ्या अनेकांनी आपले दुसरे मत बाबासाहेबांना दिले नाही, हे सांगायला गुप्त मतदानाचा पडदा उचलावा लागत नाही. साधी वजाबाकी पुरते.

आपल्या समाजाच्या इमानाची स्तुती इतिहासात पुष्कळ सापडते. शिवेच्या वादात महाराचा शब्द प्रमाण मानला जाई. सरकारी वसुलीचा पैसा तो तालुक्याला पोचवी आणि त्यातली पैही कमी होत नसे. परंतु त्याच महाराच्या हातचे पाणी गावाला चालत नसे. हे इमान चाकराचे होते. ते त्याच्याकडून अपेक्षिले जाई, त्याला कोणी देणे लागत नसे. पडद्यामागच्या दुसऱ्या मताची जात वेगळी होती. तेथे पाटील उभा नव्हता, सावकार नव्हता, कारखान्यात बिड्या मोजून छाट काढणारा माणूसही नव्हता. तेथे माणूस प्रथमच पूर्ण मोकळा होता, आणि बेइमानी केली तरी कोणाला कळणार नव्हती. तेथे दिलेला शब्द पाळणे ही नागरिकाची प्रामाणिकता होती.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बंधुतेचा प्रश्न मांडला होता. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होणार, हा त्यांचा सवाल होता. बंधुता म्हणजे अखेर काय? ज्याला आपण ओळखत नाही त्याच्यावर टाकलेला विश्वास. ती बंधुता घटनेच्या कागदावरून जमिनीवर उतरविण्याचे काम भंडाऱ्यात कोणी केले? ज्यांना बंधुतेचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या नाकारला गेला त्यांनी. ज्यांना पंचांग, पोथी आणि प्रतिष्ठा यांचा वारसा होता, त्यांच्यातील कितीतरी जणांचा हात मात्र हत्तीचे चिन्ह असलेल्या पेटीपाशी अडखळला.

पुढे अशोक मेहता १९६३ साली नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि १९६४ साली काँग्रेसमध्ये गेले. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ संपले. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला. आजच्या भंडारा-गोंदिया मतदारसंघात प्रत्येकाला एकच मत आहे. दुसऱ्या मताचा कागद इतिहासजमा झाला. हिशेब मात्र मिटलेला नाही. आम्ही आमचे दुसरे मत १९५४ साली देऊन चुकलो आहोत. त्याची परतफेड अजून बाकी आहे.