काटेचेंडूची जातकुळी



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की त्याने बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी कामगार यांवर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आणि ती गैर नाही. परंतु गोदाकाठच्या या व्याख्यानांना आम्ही पोरवयापासून मागच्या रांगेत बसत आलो. आमची शाळा नववीतच सुटली. पुढे जे थोडेफार शिकलो ते असेच ऐकून आणि मागून आणलेली पुस्तके वाचून. म्हणून आज धंद्याबाहेरचा, पण मनात पुष्कळ दिवस घोळत असलेला एक विषय आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहोत.

येताना आम्ही रुमालात बांधून एक वस्तू आणली आहे. हिवाळ्यात तोडून जपून ठेवलेला हा काटेरी गोळा. आपल्यापैकी अनेकांनी माळावर, बांधावर, पडीक रानात तो पाहिला असेल, आणि धोतराला किंवा पातळाला अडकला म्हणून त्याला शिवीही दिली असेल. याचे नाव काटेचेंडू. कोणी उंटकटारी म्हणतात, हिंदी मुलखात ऊँटकटारा म्हणतात. उंट तो आवडीने खातो म्हणून हे नाव पडले असे सांगतात.

आमची त्याच्याशी ओळख झाली ती फजितीतून. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातून काढून टाकलेल्या कामगारांच्या गाठीभेटी घेत आम्ही सिन्नरच्या बाजूच्या खेड्यांतून हिंडत होतो. एका घरी विडी वळणाऱ्या एक वृद्ध बाई बसल्या होत्या. अंगणाच्या कडेला काटेरी झाडे माजली होती. आम्ही सहज म्हणालो, "आक्का, हा सगळा काटा काढून टाकायला पाहिजे." बाईंनी हातातले पान खाली ठेवले नाही, मानही वर केली नाही. म्हणाल्या, "भाऊ, काटा म्हंजे सगळा एकच व्हय? तो पिवळ्या फुलाचा धोत्रा हाय, त्याचं बी लई वंगाळ. ती पल्याडची उंटकटारी. अन् हा तुमच्या चपलंला लागलाय तो सराटा." आम्ही खाली पाहिले. खरोखरच सराटा होता.

त्या दिवशी रात्री झोप लागली नाही. ज्या कामगारांसाठी आम्ही हिंडत होतो, त्यांची तक्रार तरी दुसरी काय होती? कंत्राटदाराच्या वहीत त्यांची नावे धड लिहिलेली नव्हती. 'मजूर, नग बारा' एवढीच नोंद. कोणी फिटर, कोणी वेल्डर, कोणी झाडूवाली. पण वहीला सगळे सारखेच. नाव नाही म्हणून फंड नाही, आणि फंड नाही म्हणून दाद नाही. त्या वहीविरुद्ध आम्ही दिवसभर भांडत होतो, आणि संध्याकाळी आम्हीच अंगणातल्या झाडांना 'सगळा काटा' म्हणून मोकळे झालो होतो!

तेव्हापासून आम्ही काटेरी झाडे नीट पाहू लागलो. जे समजले ते सांगतो.

प्रथम हा चेंडूच पाहू. सूर्यफूल आपणांस ठाऊक आहे. ते एक फूल नसून शेकडो लहान फुलांचा समुदाय आहे, आणि त्या साऱ्यांभोवती हिरव्या छदांचे एकच कुंपण असते. झेंडू, शेवंती, करडई ही सर्व याच कुलातली. एका कुंपणात नांदणारी एकत्र कुटुंबेच म्हणा ना. काटेचेंडूही याच कुलातला आणि करडईचा तर जवळचा भाऊबंद. परंतु त्याची तऱ्हा निराळी आहे. त्याच्या प्रत्येक लहान फुलाभोवती त्याचे स्वतःचे वेगळे कुंपण असते. असे एकेक फुलाचे स्वतंत्र बिऱ्हाड, आणि अशी अनेक बिऱ्हाडे एका केंद्राभोवती सर्व बाजूंनी उभी राहिली की त्यांचा गोळा बनतो. याचा पुरावा साध्या डोळ्यांनी पाहता येतो. सूर्यफुलात फुले कडेकडून उमलत आत जातात; काटेचेंडूत ती गोळ्याच्या माथ्याकडून उमलत खाली येतात. प्रत्येकाचे घर स्वतंत्र आणि तरी सारे एका संघटनेत! युनियनच्या माणसाला हे फूल आवडले तर त्यात नवल ते काय?

आपल्याकडे सर्वत्र आढळणाऱ्या काटेचेंडूची आणखी लक्षणे सांगतो. झाड गुडघ्या-मांडीएवढे, क्वचित कमरेपर्यंत. पाने खोल कातरलेली, कडांना काटे, आणि पान उलटून पाहिले तर खालची बाजू कापसासारख्या लवीने पांढरी. फुले पांढरी, पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात येणारी. फुलांभोवतीच्या छदांपैकी काही लांब वाढून ताठ काटे बनतात, म्हणून गोळा हाती धरवत नाही.

आता त्याच्या नावावर इतर कोण कोण वावरतात ते पाहा. 'ब्रह्मदंडी' हे औषधी झाडाचे नाव आपण ऐकले असेल. महाराष्ट्रात ज्याला ब्रह्मदंडी म्हणतात ते जांभळ्या फुलांचे, गुळगुळीत पानांचे, काटेचेंडूच्याच कुलातले पण वेगळे झाड होय. परंतु देशात इतरत्र काटेचेंडूलाही ब्रह्मदंडी म्हणतात, आणि कित्येक ठिकाणी पिवळ्या धोत्र्यालाही तेच नाव आहे. हा पिवळा धोत्रा तर अफूच्या कुलातला, मूळचा अमेरिकेतून आलेला पाहुणा. त्याचे देठ मोडले की पिवळा चीक येतो. काटेचेंडूला असा चीक नाही. म्हणजे जडीबुटीच्या बाजारात एकच नाव उच्चारले असता तीन निरनिराळी झाडे हाती पडू शकतात.

हा केवळ शब्दांचा घोळ आहे असे समजू नका. पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीसारखे काळे आणि बारीक असते. ते मोहरीत मिसळले गेले आणि त्याचे तेल माणसाच्या पोटात गेले, तर अंगावर सूज येते, हृदय निकामी होते. १९९८ साली दिल्लीत असे भेसळीचे तेल विकले गेले, तेव्हा सुमारे ६० माणसे दगावली आणि हजारो आजारी पडली. सुटे तेल विकत घेणारे लोक कोणत्या थरातले असतात, हे या सभेत सांगावयास नको. सिन्नरच्या त्या बाई 'त्याचं बी लई वंगाळ' म्हणाल्या, त्यात एका वाक्यात हे सारे ज्ञान होते.

असो. आता या झाडाला शास्त्रात नाव कसे मिळाले त्याचा इतिहास सांगतो.

स्वीडनचा लिनीयस याने १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दांची नावे देण्याची रीत पक्की केली. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा; दुसरा जातीचा, म्हणजे ज्याच्या त्याच्या नावासारखा. काटेचेंडूंच्या प्रजातीचे नाव 'एकायनॉप्स'. हा ग्रीक शब्द असून, युरोपात अंगावर काटे असलेला एक लहानसा प्राणी आहे, त्याच्यासारखा दिसणारा, असा त्याचा अर्थ. या प्रजातीत आज शंभराहून अधिक जाती गणल्या जातात. आफ्रिकेच्या डोंगरांपासून भूमध्य समुद्राचा काठ, इराण, मध्य आशिया आणि पार जपानपर्यंत त्या पसरल्या आहेत. आपल्याकडच्या जातीचे वर्णन कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी केले. रॉक्सबर्ग १८१५ साली वारले, आणि त्यांचा 'फ्लोरा इंडिका' हा ग्रंथ तीन खंडांत पुरा छापून निघाला तो १८३२ साली. त्यात आपल्या झाडाला 'एकायनॉप्स एकायनेटस' हे नाव मिळाले. एकायनेटस म्हणजेही काटेरीच! काट्यासारखा दिसणारा काटेरी. साहेबालाही तो बहुधा चांगलाच टोचला असावा.

पुढे मुंबई इलाख्यात एकामागून एक याद्या झाल्या. १८३९ साली ग्रॅहॅम यांची मुंबई परिसरातील वनस्पतींची यादी निघाली, १८६१ साली डाल्झेल आणि गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' निघाला. त्यानंतर थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. हे कुक मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हेत, ते इंजिनिअर. रेल्वेच्या कामावर होते, मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रमुख झाले आणि पुढे वनस्पतींकडे वळले. धंद्याबाहेरच्या विषयात पडणाऱ्या आमच्यासारख्याला हे वाचून धीर आला. स्वातंत्र्यानंतर, १९५५ साली, भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याचे पश्चिम विभागाचे कार्यालय पुण्यात सुरू झाले. आणि १९९१ साली खास आपल्या नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लक्ष्मीनरसिंहन आणि शर्मा यांनी लिहिला.

या इतिहासात एक गोष्ट आमच्या डोळ्यांत सलते. ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर साहेबांची नावे आहेत. पण डोंगर कोण चढले? झाड उपटून, कागदात दाबून, वाळवून कोणी आणले? रॉक्सबर्ग यांच्यासाठी हिंदी चित्रकारांनी अडीच हजारांहून अधिक चित्रे काढली. पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेतील झाडांची सुंदर रंगीत चित्रे गिब्सन यांनी १८४७ ते १८५० च्या सुमारास काढवून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. ती काढणारा पोर्तुगीज-हिंदी चित्रकार मात्र निनावीच राहिला. हजेरी लागली नाही असा हाही एक कामगारच की! उलट सतराव्या शतकात मलबारात डचांनी 'होर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ केला, त्यात रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोंकणी वैद्यांची साक्ष त्यांच्याच भाषेत, नागरी लिपीत छापली आहे. म्हणजे मनात असले तर नाव लिहिता येते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. एकदा ग्रंथात नाव बसले की सोय होते, पण डोळ्यांवर झापडही येते. महाराष्ट्रात काटेचेंडू म्हटला की रॉक्सबर्ग यांनी नाव दिलेली ती एकच जात, अशी पिढ्यानपिढ्या वहिवाट पडली. परंतु सह्याद्रीच्या उंच माथ्यांवर उभा असलेला काटेचेंडू माळावरच्या काटेचेंडूहून निराळा आहे, हे आपल्याकडच्या अभ्यासकांच्या ध्यानात आले, आणि २०२० नंतरच्या या अलीकडच्या वर्षांत त्यांनी ती नवी जात म्हणून जगापुढे मांडली. तिचे नाव 'एकायनॉप्स सह्याद्रिकस', म्हणजे सह्याद्रीचा काटेचेंडू. दोनशे वर्षांच्या याद्यांनंतर आपल्या डोंगराचे नाव एका काट्याला मिळाले.

नवी जात म्हणणे सोपे नाही. उंची थोडी अधिक, फूल थोडे मोठे, एवढ्यावर भागत नाही. चांगली जमीन मिळाली तर कोणतेही झाड माजते. छदांची संख्या आणि आकार, त्यांच्यावरची लव, पानाची कातर, बीजाच्या टोकावरचे केस, परागकण, असे एकेक अंग भिंगाखाली पाहावे लागते. जुन्या संग्रहांतील वाळलेले नमुने काढून ताडून पाहावे लागतात. फरक एका झाडात नव्हे, तर ठिकठिकाणच्या अनेक झाडांत टिकून आहे हे दाखवावे लागते. शेवटी एक नमुना कायमचा साक्षीदार म्हणून संग्रहात जमा करावा लागतो. पुढे कोणी शंका घेतली तर त्याला तो उघडून पाहता येतो. कोर्टातल्या पुराव्याहून ही शिस्त कमी कडक नाही.

आणि यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. नाशिककरांना अंजनेरीचे उदाहरण सांगतो. त्या डोंगरावरील कंदीलपुष्पाच्या एका वनस्पतीला २००६ साली 'सेरोपेजिया अंजनेरिका' असे शास्त्रीय नाव मिळाले. तोवर ते झाड तेथे नव्हते काय? होते, परंतु नाव नसल्यामुळे त्याच्या बाजूने अर्ज करावयास कोणाला जागाच नव्हती. माथ्यावर वणवा लागतो, डोंगर पोखरला जातो, रस्ता वर चढतो. तेव्हा 'गवत आणि काटा जळाला' म्हटले की नोंद संपते. 'जगात फक्त येथे असणारे अमुक झाड जळाले' असे म्हणावयास आधी ते वेगळे ओळखावे लागते. ज्याचे नाव वहीत नाही, त्याची नुकसानभरपाई कोणी मागत नाही, हे आम्ही आमच्या धंद्यात रोज पाहतो.

एक शंका मात्र आमच्याच मनात आली होती, ती बोलून दाखवितो. 'जात' आणि 'वर्गवारी' हे शब्द ऐकले की आमच्या पिढीजात अनुभवाला काटा येतो. याच नाशकात १९३० साली माणसांना माणसांपासून वेगळे काढणाऱ्या वर्गवारीविरुद्ध काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह झाला. मग झाडांची जात शोधण्यात आम्हांस गोडी का वाटावी? विचार केला तेव्हा उत्तर सापडले. माणसांची ती वर्गवारी कोणास न पाहताच, जन्माआधी ठरलेली होती, आणि कोण वर, कोण खाली, हे सांगण्यासाठी होती. झाडांची वर्गवारी जवळ जाऊन, पान उलटून, पाहिल्यावर ठरते; चूक आढळली तर बदलते; आणि तिच्यात कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही. गुलाबाच्या नोंदीला जेवढी जागा, तेवढीच काटेचेंडूच्या.

म्हणून आपणांस एवढीच विनंती आहे. येत्या कार्तिक-मार्गशीर्षात पांडवलेण्यांकडे, रामशेजला, सप्तशृंगीला किंवा अंजनेरीला जाल तेव्हा वाटेत काटेरी गोळा दिसला तर क्षणभर थांबा. उपटू नका. पान उलटून पाहा, फुले माथ्याकडून उमलली आहेत काय ते पाहा, माळावरच्याहून माथ्यावरचा निराळा दिसतो काय ते पाहा. आणि जवळपास कोणी गुराखी किंवा म्हातारी बाई असेल तर तिला त्याचे नाव विचारा. तिने सांगितलेले नाव लिहून ठेवा, आणि त्याशेजारी तिचेही नाव लिहावयास विसरू नका.

आमच्या सिन्नरच्या बाईंचे नाव आम्ही त्या दिवशी विचारले नाही. पुढे पुन्हा गेलो तेव्हा त्या राहिल्या नव्हत्या. अंगणाच्या कडेला उंटकटारी मात्र तशीच उभी होती.