राष्ट्रांचे आहारनियम आणि दूध

सरकारनें प्रजेकडून कर किती घ्यावा याचे नियम फार पुरातन आहेत. पण प्रजेनें काय खावें आणि किती खावें हें सरकारनें छापून वांटावें, ही चाल अवघ्या शंभर-सव्वाशें वर्षांची आहे. या अवधींत निरनिराळ्या राष्ट्रांनीं काढलेल्या आहारपत्रिका शेजारीं शेजारीं मांडून पाहिल्या, तर एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. धान्यें, भाज्या, फळें असे ऐसपैस वर्ग पाडून प्रत्येकांत शेंकडों पदार्थ दाटीवाटीनें बसविलेले असतात. आणि त्याच पंक्तींत एकट्या दुधासाठीं मात्र बहुधा स्वतंत्र पाट मांडलेला असतो. हा पाट दुधाला कसा मिळाला, आणि ज्या राष्ट्रांनीं तो आरंभीं मांडला त्यांतल्याच एकानें पाऊणशें वर्षांनीं तो कां उचलला, हें पाहण्यासारखें आहे.

आरंभीं दुधाचा एवढा मान नव्हता. १९१६-१७ च्या सुमारास अमेरिकेच्या शेतकी खात्यांत कॅरोलिन हंट या विदुषीनें अन्नाचे पांच वर्ग पाडले, तेव्हां दूध मांसाच्याच पाटावर बसविलेलें होतें. मान वाढला तो एका शोधामुळें. विस्कॉन्सिन येथें एल्मर मॅकॉलम आणि मार्गरेट डेव्हिस हीं दोघें उंदरांना मोजून-मापून अन्न घालीत असत. स्निग्ध पदार्थ म्हणून डुकराची चरबी किंवा ऑलिव्हचें तेल दिलें, कीं कांहीं काळानें उंदरांची वाढ खुंटे. लोण्यांतला स्निग्धांश दिला, कीं ती पुन्हां सुरू होई. १९१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या या शोधांतून ‘अ’ जीवनसत्त्व पुढें आलें. मॅकॉलम १९१७ सालीं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांत गेले, आणि पुढच्याच वर्षीं त्यांनीं ग्रंथ लिहून दूध व हिरव्या पालेभाज्या यांना ‘संरक्षक अन्नें’ ठरविलें. पदवी दोघांनाहि सारखीच दिलेली होती. पण दुधाच्या मागें संघटित धंदा उभा होता, पालेभाजीच्या मागें कोणीच नव्हतें. दुधाची कीर्ति देशोदेशीं गेली. पालेभाजी आपली मंडईंतच राहिली.

ब्रिटनमध्यें दुधाच्या बाजूनें पडलेला पुरावा प्रत्यक्ष मुलांच्या अंगावर मोजलेला होता, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. लंडनजवळच्या मुलांच्या एका आश्रमांत डॉ. कॉरी मान यांनीं कांहीं मुलांना नेहमींच्या जेवणाखेरीज रोज एक पाइंट दूध दिलें. १९२६ सालच्या अहवालाप्रमाणें, नुसतें नेहमींचें जेवण घेणाऱ्या मुलांचें वजन वर्षभरांत चार पौंडांहून कमी वाढलें. दूध पिणाऱ्यांचें सुमारें सात पौंड. उंचींतहि तसाच फरक पडला. साखर, लोणी किंवा मार्गारीन जादा मिळालेल्या मुलांना एवढा लाभ झाला नाहीं. स्कॉटलंडांत जॉन बॉयड ऑर यांनीं शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगांत तर मलई काढलेल्या दुधानेंहि वाढ होते असें आढळलें.

परंतु त्याच सुमारास मंदी आली, दुधाचे भाव कोसळले, आणि १९३३ सालीं दुधाच्या विक्रीसाठीं एक मंडळ स्थापावें लागलें. शिल्लक दुधाचें करावयाचें काय, हा त्या मंडळापुढचा मोठा प्रश्न होता. १९३४ पासून शाळांतून अर्ध्या पेनीला एक तृतीयांश पाइंट दूध मिळूं लागलें. एकाच बाटलीनें पोराचें पोट भरलें आणि गवळ्याचा गल्लाहि. १९४६ च्या कायद्यानें तेंच दूध फुकट झालें. प्रयोग खोटे होते असा याचा अर्थ नव्हे. अर्धपोटीं मुलाला दूध मानवलें, हें खरेंच आहे. मात्र रोगी शोधून औषध देणें ही एक गोष्ट, आणि औषध शिल्लक आहे म्हणून तें साऱ्या गांवाला पाजणें ही दुसरी. या दोहोंमधली रेषा पुढें पुसट होत गेली.

दुसऱ्या महायुद्धांत शिपाई आणि कामगार धडधाकट हवेसे झाले, तेव्हां ही शिकवण नियमांच्या रूपानें अवतरली. कॅनडानें १९४२ सालीं आपले अधिकृत अन्ननियम जाहीर केले: प्रौढांस अर्धा पाइंट दूध, मुलांस एक पाइंटाहून अधिक. अमेरिकेनें १९४३ सालीं सात वर्ग पाडले. त्यांत दुधाला स्वतःचा पाट मिळाला, आणि लोण्यालाहि निराळा. १९५६ सालीं सातांचे चार झाले, तेव्हां लोण्याचा पाट गेला, दुधाचा राहिला.

हिंदुस्थानांत ही विद्या आली ती कुन्नूरच्या वाटेनें. नीलगिरीवरील त्या थंड गांवीं रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनीं उंदरांना निरनिराळ्या प्रांतांचीं जेवणें चारून पाहिलीं. पंजाबांतील शिखांप्रमाणें पोळी, डाळ, भाजी आणि दूध-लोणी खाणारे उंदीर धष्टपुष्ट झाले. मद्रासकडील गरिबाच्या भातावर ठेवलेले खुरटले. १९३५ सालीं वॉलेस आयक्रॉइड हे राष्ट्रसंघाच्या आरोग्यविभागांतून कुन्नूरच्या प्रयोगशाळेचे संचालक म्हणून आले. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मद्रास इलाख्यांतील वसतिगृहांच्या मुलांना मलई काढलेल्या दुधाची भुकटी देऊन त्यांचीं वजनें-उंची मोजली, आणि तीं मुलें इतरांच्या पुढें गेलेलीं दिसलीं. पुढें १९४४ सालीं पोषणविषयक सल्लागार समितीनें प्रौढास रोज दहा औंस, म्हणजे सुमारें २८४ ग्रॅम, दूध असावें असें ठरविलें. प्रत्यक्षांत १९५०-५१ सालीं दरडोई दूध निघत होतें १३० ग्रॅमच्या आसपास. साहेबाचें माप गरिबाच्या अंगावर चढविलें, असें कोणी म्हणेल. पण तें माप इथल्याच मुलांच्या तराजूवर पारखलेलें होतें. अडचण एवढीच, कीं निम्म्याहून अधिक पेला रिकामा होता, आणि तो कोण भरणार याविषयीं आहारपत्रिकेला कांहीं सांगतां येत नव्हतें.

तो पेला १९७० सालीं सुरू झालेल्या दुधाच्या महापूर योजनेनंतर भरत गेला. २०२३-२४ सालीं देशांत दरडोई रोज ४७१ ग्रॅम दूध निघालें. आणि कुन्नूरची जी संस्था १९५८ सालीं हैदराबादेस गेली, तिच्या २०२४ च्या आहारपत्रिकेंत दूध-दही मिळून ३०० मिलिलिटर मागितलेलें आहे. म्हणजे मागणीहून पुरवठा जास्त. पण सरासरी ही मोठी फसवी बाई आहे: दारांत चार म्हशी असलेल्याचा पेला आणि झोपडींतल्या मुलाचा पेला ती एकाच घागरींत ओतून मोजते.

मधल्या काळांत बाल्टिमोरहूनच एक अवघड वार्ता आली होती. मॅकॉलमनीं जेथें दुधाची महती गाइली, त्याच विद्यापीठांतील डॉक्टरांनीं १९६६ सालीं दाखवून दिलें, कीं तपासलेल्या कृष्णवर्णीय लोकांपैकीं बहुतेकांना दुधांतली साखर नीट पचत नाहीं. गोऱ्यांपैकीं थोड्यांचीच तशी स्थिति होती. पुढील पाहण्यांवरून असें दिसलें, कीं बालपण सरल्यावर ही शर्करा पुरती पचविणारे लोक जगांत एक तृतीयांशाच्या आसपासच आहेत. उत्तर युरोपांतील लोक त्यांत मोडतात, आणि जगाला पहिल्या आहारपत्रिका दिल्या त्या मुख्यतः त्यांनीं व त्यांच्या वंशजांनीं. दह्याताकांत विरजणामुळें ही शर्करा कांहींशी आधींच मोडलेली असते. जेवणाअखेर ताकभात घेणाऱ्या घरांना हें निराळें सांगावयास नको. तरीहि जेथें बहुसंख्य प्रौढांना ही शर्करा पचत नाहीं, त्या चीननें २०१६ सालीं रोज ३०० ग्रॅम दूध नेमलें, आणि २०२२ सालीं तें ३०० ते ५०० केलें.

अमेरिकेंत पेंच निराळाच होता. आहारपत्रिकेवर जें शेतकी खातें सही करी, त्याच्याकडेच शेतमालाचा खप वाढविण्याचेंहि काम होतें. १९८३ च्या कायद्यानें दर शंभर पौंड दुधामागें गवळ्यांकडून पंधरा सेंट घेऊन त्यांतून दुधाची जाहिरात करण्याची व्यवस्था झाली, तीहि याच खात्याच्या देखरेखीखालीं. वाढपी आणि दुकानदार एकच असला, म्हणजे पानांत काय पडणार हें पंगतीला अगोदरच कळतें.

कॅनडांत हा पेंच सोडविण्याचा प्रयत्न झाला. २००७ च्या पत्रिकेपर्यंत तेथें ‘दूध व पर्यायी पदार्थ’ हा वर्ग कायम होता. नवी पत्रिका लिहितांना आरोग्य खात्यानें धंदेवाल्यांनीं पैसे देऊन करविलेले अहवाल बाजूस ठेवले, आणि मसुदा तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांनीं त्यांच्या प्रतिनिधींना भेटी दिल्या नाहींत. जानेवारी २०१९ मध्यें पत्रिका बाहेर पडली, तेव्हां दुधाचा वर्ग तींत नव्हता. दूध आणि दहीं डाळी, अंडीं, मासे व सुका मेवा यांच्या रांगेंत, प्रथिनांच्या वर्गांत बसविलेलीं होतीं. दूध-उत्पादकांच्या संघटनेनें जोराची हरकत घेतली. पण १९४२ चा तो अर्धा पाइंट परत आला नाहीं.

दोन्ही शेजाऱ्यांनीं लोकांना समजावें म्हणून ताटाचें चित्र काढलें. अमेरिकेच्या २०११ सालच्या चित्रांत ताटाशेजारीं, जेथें पेला असावयाचा तेथें, एक वर्तुळ असून त्यावर ‘दुग्धपदार्थ’ असें लिहिलेलें होतें. कॅनडाच्या २०१९ च्या चित्रांतहि ताटाशेजारीं पेला आहे. त्यांत पाणी आहे. आणि ताटांत एका बाजूला थोडेंसें दहीं.