ज्येष्ठांची ऑनलाइन फसवणूक: फोन काढून न घेता काळजी कशी घ्यावी?

मुंबईतील ८६ वर्षांच्या एका महिलेची डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालून २० कोटी रुपयांहून अधिक फसवणूक झाली. त्या खोलीतच बसून राहतात, जेवणापुरत्याच बाहेर येतात आणि कोणावर तरी ओरडतात, हे घरकाम करणाऱ्या महिलेच्या लक्षात आले. तिने ते मुलीला सांगितले. म्हणजे धोक्याची खूण वागण्यात दिसली. त्यासाठी कोणाला त्यांचा फोन उघडावा लागला नाही.

धोका कोणाला अधिक?

भीती घातली तर कोणीही फसू शकते. मात्र काही आजारांत धोका वाढतो:

- स्मृतिभ्रंश: पैशांच्या व्यवहारातील चुका हे अनेकदा सुरुवातीचे लक्षण असते.
- नैराश्य व एकटेपणा: विशेषतः जोडीदाराच्या निधनानंतर.
- कमी ऐकू येणे: भिवंडीत यंत्रमागाच्या खडखडाटात उमेद घालवलेल्या अनेकांना फोनवरचे नीट ऐकू येत नाही आणि ते नुसते ‘हो, हो’ म्हणतात. मुले कारखान्यात किंवा गोदामात कामावर असताना दिवसभर विचारायलाही कोणी नसते.

खासगीपणा कसा जपावा?

मेसेज चोरून वाचू नका. ‘आता तुमचा फोनच बंद करतो’ असे म्हणू नका. फोन जाईल या भीतीने ज्येष्ठ मंडळी फसवणूक लपवतात आणि पैसे वाचवण्याचा वेळ निघून जातो. ते समजून घेऊ शकतात तोवरच, त्यांच्या संमतीने पुढील गोष्टी ठरवा:

- रोजच्या खर्चाचे छोटे खाते वेगळे ठेवावे. बचतीच्या खात्याला यूपीआय जोडू नये.
- ठरावीक रकमेपेक्षा मोठ्या व्यवहाराआधी घरातील एका व्यक्तीला फोन करावा. ती व्यक्ती त्यांनीच निवडावी.
- पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची तरतूद कायद्यात नाही. ही दोन वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ ठेवावीत.

फसवणूक झालीच तर

1. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता अधिक.
2. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. भिवंडी शहर ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते.
3. मेसेज, फोन नंबर, व्यवहाराचे तपशील पुसू नका.
4. ‘एवढे कसे कळले नाही?’ असे विचारू नका. ‘सांगितलंत ते बरं केलंत’ म्हणा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

पूर्वी हिशेबात चोख असलेली व्यक्ती वारंवार फसत असेल, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, औषधे विसरत असेल तर तपासणी करून घ्या. थायरॉईडचा विकार, बी-१२ ची कमतरता, झोपेची औषधे आणि नैराश्य यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि त्यांवर उपचार आहेत.

फसवणुकीनंतर झोप उडणे, जेवण तुटणे, ‘मी तुमच्यावर ओझे झालो’ असे बोलणे दुर्लक्षित करू नका. जिवाला धोका वाटल्यास त्यांना एकटे सोडू नका, ताबडतोब रुग्णालयात न्या. मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हा नि:शुल्क क्रमांक चोवीस तास सुरू असतो.