सत्तावन्नावे नाव

३० जून १९९९ ह्या दिवशी वॉशिंग्टन येथे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघांचा वार्षिक ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची पाळीपाळीने होणारी निवड, पार पडली. एकंदर ५८ नावे पुकारली गेली. त्यांतील शेवटून दुसरे नाव मनू जिनोबिली ह्या अर्जेंटिनाच्या तरुणाचे होते. तो तेव्हा इटलीत खेळत होता आणि सभागृहातल्या बहुतेकांना त्याचे नाव ठाऊकही नसावे. त्याला निवडणाऱ्या सॅन अँटोनियो स्पर्स ह्या संघाने पुढे त्याच्यासह २००३, २००५, २००७ आणि २०१४ अशी चार अजिंक्यपदे मिळविली, आणि २०२२ साली त्याची गणना ह्या खेळाच्या सन्मानमंदिरात झाली. तेव्हापासून पारखी व्यवस्थापक कसा असावा ह्याचे उदाहरण म्हणून स्पर्सचे आर. सी. ब्युफर्ड ह्यांचे नाव घेतले जाते आणि पुराव्यादाखल हे सत्तावन्नावे नाव पुढे केले जाते. हा पुरावा कितपत ग्राह्य आहे, हे थोडे तपासून पाहावेसे वाटते.

आधी ह्या प्रथेविषयी दोन शब्द. ड्राफ्ट १९४७ साली सुरू झाला. त्याचे मूळ तत्त्व असे की, जो संघ सर्वांत दुबळा ठरला त्याने प्रथम निवडावे आणि जो सर्वांत बलवान त्याने शेवटी. पहिल्या पाळीच्या लोभाने संघ मुद्दाम हरू लागतील ही भीती होतीच. म्हणून १९८५ पासून वरच्या पाळ्यांसाठी चिठ्ठ्या टाकण्याची रीत आली. पूर्वी निवडीच्या अनेक फेऱ्या चालत. १९८९ पासून त्या दोनच राहिल्या. ह्या व्यवस्थेत सतत जिंकणाऱ्या संघाच्या वाट्याला पंक्तीच्या शेवटचेच पान येणार. स्पर्स १९९८ ते २०१९ अशी ओळीने २२ वर्षे बाद फेरीत पोहोचले. त्यांच्या व्यवस्थापकाची पारख करावयाची तर बहुतांशी ह्या अखेरच्या पाळ्यांवरूनच करावी लागते.

आता १९९९ चेच दप्तर उघडू. त्या रात्री स्पर्सकडे २९ वी पाळीही होती. ती त्यांनी लिऑन स्मिथ ह्या शाळकरी मुलावर खर्च केली आणि लगेच त्याला डॅलसकडे देऊन ४० व्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या गॉर्डन गिरिचेकचे हक्क घेतले. जिनोबिलीच्या थोरवीची त्यांना खात्री असती, तर त्याला ५७ पर्यंत उघड्यावर ठेवण्याचा धोका त्यांनी पत्करला असता काय? इतर सर्व संघ आंधळे आणि हा एकच डोळस, हे चित्र रम्य आहे. पण त्या रात्री स्पर्सनेही आपल्या पहिल्या संधीला त्याला वगळले होते. इतरांनी न टाकलेला एक दूरचा डाव त्यांनी टाकला, एवढेच पुराव्यावरून म्हणता येते. अर्थात तो टाकण्यासाठी इटलीतले सामने कोणीतरी पाहिले असले पाहिजेत. ते श्रेय लहान नव्हे.

पण ते श्रेय कोणाचे? १९९९ साली जनरल मॅनेजर ब्युफर्ड नव्हतेच. ते पद १९९४ पासून ग्रेग पोपोविच ह्यांच्याकडे होते आणि १९९६ पासून तेच प्रशिक्षकही होते. ब्युफर्ड त्यांच्या हाताखाली खेळाडूंच्या शोधाचे काम पाहत. २००१ साली २८ व्या पाळीला निवडलेला फ्रान्सचा टोनी पार्कर हाही पोपोविच ह्यांच्याच कारकिर्दीतला. त्याच्याविषयी असे सांगतात की, पहिल्या चाचणीत तो पोपोविच ह्यांच्या मनास आला नाही. सॅम प्रेस्टी नावाच्या एका तरुण कर्मचाऱ्याने त्याच्या खेळाची चित्रफीत तयार करून आग्रह धरला, तेव्हा दुसरी चाचणी झाली. कचेऱ्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला ह्यात नवल वाटत नाही. टिपण एक लिहितो, सही दुसरा करतो, आणि इतिहासकाराच्या हाती लागते ती सही. त्या प्रेस्टींना पुढे, २००७ साली, स्वतंत्र संघाचा कारभार मिळाला, म्हणून ही टिपणाची हकिकत निदान आपल्यापर्यंत पोहोचली.

ब्युफर्ड ह्यांच्या स्वतःच्या सहीचा काळ २००२ ते २०१९. ह्या काळातील यादी दोन्ही बाजूंनी वाचली पाहिजे. २००८ मध्ये २६ व्या पाळीला जॉर्ज हिल, २०११ मध्ये २९ व्या पाळीला कोरी जोसेफ, २०१६ मध्ये त्याच पाळीला डेजॉन्टे मरे, २०१७ मध्ये पुन्हा त्याच पाळीला डेरिक व्हाइट. दुसरीकडे २०१३ मध्ये २८ व्या पाळीला लिव्हियो जाँ-शार्ल आणि २०१५ मध्ये २६ व्या पाळीला निकोला मिलुटिनोव्ह. हे दोघे त्या लीगच्या नियमित सामन्यांत एकदाही उतरले नाहीत. जाँ-शार्लच्या आधीचे, म्हणजे २७ वे नाव रूडी गोबेर ह्याचे होते, हे सांगून टीकाकार चुचकारतात. पण तो अन्याय होय. जो ताटातून उचललाच गेला होता तो न घेतल्याचा दोष कसा लावावा? दोष लावावयाचाच तर २००५ चा लावावा: २८ व्या पाळीला इयान माहिन्मी घेतला, आणि ३० व्या पाळीला डेव्हिड ली, ४० व्याला मॉन्टा एलिस निघून गेले.

जमाखर्चाची खरी अडचण अन्यत्र आहे. हिलला २०११ साली इंडियानाकडे देऊन स्पर्सने त्याच वर्षी १५ व्या पाळीला निवडलेला कवाय लेनर्ड घेतला. तो २०१४ च्या अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. २६ व्या पाळीच्या खात्यावर हिलची तीन वर्षे मांडावीत की लेनर्डही? उलट, २००२ मध्ये ५६ व्या पाळीला लुइस स्कोला निवडला तो अचूकच. पण तो युरोपातच अडकून राहिला आणि २००७ मध्ये त्याचे हक्क शेजारच्या ह्यूस्टनला दिले गेले. तेथे तो पाच हंगाम उत्तम खेळला. २००३ चा बार्बोसा आणि २००८ मध्ये ४५ व्या पाळीला पुकारलेला गोरान ड्रॅगिच हे दोघेही निवडीबरोबर फिनिक्सला गेले. पुकारणारे तोंड आणि पारखणारा डोळा एकाच घरचा असतो असे नाही. ड्रॅगिच फिनिक्सलाच हवा होता. तेव्हा स्पर्सच्या यादीत त्याचे नाव शोभेपुरतेच मानावे लागेल. ७ मे २०१० रोजी सॅन अँटोनियोत, बाद फेरीच्या तिसऱ्या सामन्यात, ह्या ड्रॅगिचने शेवटच्या एका चरणात २३ गुण केले आणि फिनिक्सने ती मालिका ४-० अशी जिंकली. स्पर्सच्या प्रेक्षकांना ती यादी त्या रात्री आठवली असल्यास नवल नाही.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. १९९७ साली चिठ्ठीच्या कृपेने पहिली पाळी मिळाली आणि टिम डंकन हाती आला. असा खेळाडू आणि पोपोविचसारखा प्रशिक्षक असलेल्या घरात सामान्य रोपटेही फोफावते. मग त्यात बी निवडणाऱ्याचे कौतुक किती? ह्याचा निकाल करण्याचा एकच मार्ग मला सुचतो: घर सोडल्यावर त्या खेळाडूंचे काय झाले ते पाहणे. हिल इंडियानात गेला आणि तो संघ २०१३ व २०१४ अशी लागोपाठ दोन वर्षे विभागीय अंतिम फेरीत पोहोचला. व्हाइटला २०२२ मध्ये बॉस्टनने घेतले. २०२४ च्या अजिंक्यपदात त्याचा मोठा वाटा होता. जोसेफनेही इतर अनेक संघांत जागा मिळविली. ही माणसे परक्या मातीतही उभी राहिली, ह्यावरून निवड निव्वळ आश्रयाचे फळ नव्हती असे म्हणण्यास आधार मिळतो. २००९ च्या ३७ व्या पाळीचा डीवॉन ब्लेअर मात्र पुढे कोठे फारसा रुजला नाही.

अशा पाळ्यांतून फार मागू नये हेही खरे. २०१५ साली डॅलसने ५२ व्या पाळीला पंजाबातील बल्लो के गावच्या सतनामसिंगला निवडले. ड्राफ्टमध्ये पुकारला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू, आणि आपल्याकडे त्याचा रास्त आनंद झाला. नियमित सामन्यांत उतरण्याची संधी त्याला लाभली नाही. पण त्या क्रमांकाच्या आसपासच्या बहुतेकांच्या नशिबी तेच असते. त्याबद्दल त्याला किंवा निवडणाऱ्याला नापास ठरविणे अज्ञानाचे होईल.

ब्युफर्ड ह्यांना वर्षातील सर्वोत्तम व्यवस्थापकाचा मान २०१४ व २०१६ मध्ये मिळाला. जून २०१९ मध्ये त्यांच्या कारकिर्दीतील अखेरचा ड्राफ्ट झाला आणि २९ व्या पाळीला केल्डन जॉन्सन निवडला गेला. पुढच्याच महिन्यात ब्युफर्ड वरच्या पदावर गेले आणि त्यांचे साहाय्यक ब्रायन राइट जनरल मॅनेजर झाले. जॉन्सन हा संघाचा भरवशाचा खेळाडू ठरला. सही ब्युफर्ड ह्यांची आहे. टिपण कोणी लिहिले होते, हे त्या खोलीतल्या लोकांनाच ठाऊक.