नकलेतून निसटलेला भाग

बर्लिनच्या नॉयमन कारखान्याने १९६० साली ‘यू ६७’ हा मायक्रोफोन सिद्ध केला, तेव्हा त्याच्या ध्वनिपटलाची तारस्वरांकडे असलेली स्वाभाविक ओढ आतील विद्युन्मंडलाने आवरावी, अशी पक्की तजवीज त्याच्या रचनेतच केलेली होती. पुढे चिनी कारखान्यांनी त्या पटलाची नक्कल मुबलक केली. परंतु त्याला वेसण घालणारे मंडल पुष्कळ स्वस्त मायक्रोफोनांत गाळले गेले, आणि त्यामुळे त्यांतून ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचू लागले. हा कसूर पारखण्यास प्रयोगशाळा नको. एकच वाक्य समान अंतरावरून दोन मायक्रोफोनांत एकदम मुद्रित करून ताडून पाहावे. घरीच सोल्डरिंग करून मंडलात योग्य ठिकाणी, योग्य मूल्याचा कपॅसिटर बसविला, की ती तीक्ष्णता बरीच उतरते. त्याआधीच महागडे पटल आणण्याचा उपद्व्याप मला तरी अनाठायी वाटतो.