काचेतली बंदूक सत्तावनची नाही!

आधी माझी चूक कबूल करतो. आमच्या गावच्या वाचनालयात काचेच्या कपाटात एक निकामी केलेली जुनी बंदूक आहे. खाली पाटी: '१८५७ च्या उठावातील बंदूक'. बारा वर्षांपूर्वी त्यावर मीच बातमी केली होती. फोटोसकट, चार कॉलम. कुणाला विचारलं नाही, काही तपासलं नाही. पाटीवर लिहिलंय म्हणजे खरंच असणार!

मागच्या महिन्यात पोलीस मुख्यालयातून आर्मोरर म्हणून निवृत्त झालेले एक काका वाचनालयात भेटले. पाटी वाचून हसले. म्हणाले, "साहेब, सत्तावनला बोल्ट कुठं होता?"

मी गप्प. खरंच की! सत्तावनची एनफिल्ड ठासणीची. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालायची, गजाने ठासायची. आमच्या बंदुकीला मागे चक्क बोल्ट आहे.

मग ग्रंथपालांनी कपाट उघडलं. दस्त्याच्या पुढच्या लोखंडी भागावर, उजव्या बाजूला काकांनी टॉर्च मारला. मुकुट, खाली जी.आर., म्हणजे राजा पंचम जॉर्ज. खाली एनफिल्ड, साल १९१७, आणि मॉडेलचं नाव: शॉर्ट ली-एनफिल्ड मार्क तीन, पुढे एक चांदणी. ही चांदणीवाली आवृत्ती १९१६ मध्ये मंजूर झाली. महायुद्धात भराभर रायफली हव्या होत्या, म्हणून काही भाग गाळून ती सोपी केली होती. म्हणजे पाटी साठ वर्षांनी चुकली.

पण खरी गंमत पुढे. काका म्हणाले, "आता नळीतून बघा." आत गुळगुळीत! रायफलीच्या नळीत पीळदार आटे असतात, त्यांनी गोळी गिरकी घेत सरळ आणि लांब जाते. इथे आटेच नाहीत. तोंडही थ्री-नॉट-थ्रीपेक्षा मोठं, ७.७ ऐवजी साधारण १०.४ मिलिमीटर. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा. दहा गोळ्यांची रायफल एका गोळीवर आणलेली. "ही फोर-टेन मस्केट," काका म्हणाले. "पोलिसांना न् जेलच्या गार्डांना द्यायचे."

चांगली रायफल मुद्दाम का बिघडवायची? उत्तर सत्तावनमध्येच आहे. ज्या एनफिल्डच्या चरबीच्या काडतुसांवरून ठिणगी पडली, त्याच बंदुकीच्या नळीतले आटे उठावानंतर काढून टाकले आणि ती गुळगुळीत बंदूक देशी शिपायांना दिली. आटेवाली गोऱ्यांकडे. तोफखानाही बहुतेक गोऱ्यांच्याच हाती. पुढेही गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा देशी पलटणींकडे जुनी स्नायडर होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली, युरोपियनांना सूट दिली. फोर-टेन मस्केट हे त्याच अविश्वासाचं पुढचं पान. शिपाई आपला नोकर, पण उद्या उलटला तर? बंदूक जमावाच्या हाती पडली तर? म्हणून जवळून मारा करणारी, एकाच गोळीची मस्केट. असे बदल झाले ते बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात. मंगल पांडेने जिथे गोळी झाडली, त्या बराकपूरच्या शेजारीच हे इशापूर.

म्हणजे पाटीवरचं साल चुकलं, तरी सत्तावनचा संबंध खराच होता. फक्त ती उठावकऱ्यांची बंदूक नव्हती. उठावाच्या धास्तीने घडवलेली होती.

हे सगळं इतिहासजमा झालं असं मला वाटायचं. मग आठवलं, नोव्हेंबर २००८ मध्ये सीएसटीवर एके-४७ समोर आपल्या काही पोलिसांच्या हातात थ्री-नॉट-थ्री होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर ती २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला निरोप देऊन काढली. इंग्रजांनी हवालदाराला दुय्यम हत्यार दिलं ते अविश्वासापोटी. आपण इतकी वर्षं तेच चालवलं ते कशापोटी? हवालदाराच्या जिवाची किंमत कुणी मोजली का?

असो. ग्रंथपालांना नवी पाटी लिहून दिली आहे: 'सैन्याची रायफल, १९१७. नंतर पोलिसांसाठी आटे काढून मस्केट केली.' खाली एक ओळ जोडली: 'कारण सरकारचा आपल्याच शिपायावर विश्वास नव्हता.'

समितीतल्या दोघांना ती ओळ नको आहे. सत्तावनच्या पाटीने गावाची शान वाढते म्हणे. रविवारी बैठक आहे. गावातल्या सभासदांनी जरूर या.