काकांची एसएस ८०

झाशीत मराठी माणूस कसा आला, हे आपल्या मंडळाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. १७४२ मध्ये नारो शंकर सुभेदार म्हणून आले, पुढे नेवाळकर आले, १८४२ मध्ये गणेश मंदिरात राणीसाहेबांचे लग्न लागले. आमची कुटुंबे मात्र रेल्वेच्या वाटेने आली. झाशी विभाग २००३ पर्यंत मुंबईच्या मध्य रेल्वेत होता, त्यामुळे भुसावळहून, परळहून बदली होऊन आलेली माणसे इथेच रुळली. त्या काळाची एक आठवण अजून आमच्या कॉलनीत उभी आहे. ती म्हणजे आमच्या शेजारच्या काकांची मारुती.

आजच्या मुलांना खरे वाटणार नाही, पण १९८० च्या सुमारास आपल्याकडे गाडी घ्यायची म्हणजे बहुतेकांसमोर दोनच नावे असत, अॅम्बेसेडर आणि फियाट. फियाट बनवणारी कुर्ल्याची प्रीमियर कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांची, म्हणून आपल्याला ती जरा घरची. पण घरची असली तरी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागेच.

२ ऑक्टोबर १९८२ रोजी मारुती उद्योग आणि जपानची सुझुकी यांच्यात करार झाला. सुझुकीचा वाटा २६ टक्के. सुझुकीने १९७९ मध्ये जपानात ‘ऑल्टो’ नावाची छोटी गाडी ४ लाख ७० हजार येनला आणली होती आणि ती धडाक्यात खपली होती. जपानात छोट्या गाड्यांना करात सवलत, पण तेव्हा इंजिन ५५० सीसीच्या आत हवे. बाहेरच्या देशांसाठी त्याच सांगाड्यात ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन बसवले, तीच एसएस ८०. भारतात ती मारुती ८०० झाली, पाकिस्तानात सुझुकी एफएक्स. १४ डिसेंबर १९८३ रोजी, म्हणजे संजय गांधींच्या जन्मदिवशी, इंदिराजींनी पहिली किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. इंडियन एअरलाइन्समधल्या या गृहस्थांनी त्यासाठी आपली फियाट विकली होती. किंमत ४७,५०० रुपये.

काकांनीही १९८३ मध्येच १०,००० रुपये भरून नाव नोंदवले होते. रेल्वेतल्या माणसाने तेव्हा एवढे पैसे कुठून उभे केले, हे काकूंच्या पाटल्यांना विचारावे! गाडी आली १९८५ मध्ये. पांढरी. पहिली फेरी गणेश मंदिराची, दुसरी ओरछ्याची. उन्हाळ्यात पेट्रोल पंपावर ओले फडके गुंडाळल्याशिवाय ती पुढे सरकत नसे. ते फडके ओले ठेवण्याचे काम मागच्या सीटवरच्या आम्हा पोरांकडे होते. गाडी थांबली की बाटली घेऊन पळायचे.

काका गेले आणि गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली. अकरा वर्षे. भंगारवाला दोनदा विचारून गेला. दुसऱ्या वेळी काकू मला म्हणाल्या, “अरे, तुम्ही वर्कशॉपमध्ये आख्खे वॅगन उभे करता, एवढीशी गाडी नाही का होत?” मी नुकताच निवृत्त झालो होतो. भेलमधले एक स्नेही, सीपरी बाजारचे एक उस्ताद मिस्त्री आणि माझा इंजिनिअरिंगला असलेला भाचा, अशी आमची चौकडी जमली. रविवारी सकाळी पोहे, मग काम.

उस्तादांनी पहिल्या दिवशी बॉनेट उघडले आणि हसून म्हणाले, “बाबूजी, इंजन की फ़िक्र मत करो, टीन की करो.” त्याचे मर्म आम्हाला पुढे कळले. हे ७९६ सीसीचे इंजिन मारुतीच्या व्हॅनमध्ये, म्हणजे पुढच्या ओम्नीत, २०१९ पर्यंत चालू राहिले. पिस्टन रिंगा, गॅस्केट, क्लच प्लेट सगळे मिळते. पण एसएस ८० चा पत्रा जेमतेम तीन वर्षे निघाला. १९८६ मध्ये नवी गोल अंगाची ८०० आली आणि या चौकोनी गाडीच्या काचा, जाळ्या, दिवे बाजारातून गेले. इंजिन अजर, शरीर मात्र नश्वर!

पायाखालचा पत्रा गळून गेला होता. बॅटरीच्या खाली हात घातला तर गंजाचा भुगा हातात आला. वर्कशॉपची सवय म्हणून मी प्रत्येक सुट्या भागाला चिठ्ठी बांधली, भाचा हसला, आणि जोडताना त्याच चिठ्ठ्या शोधत बसला. काकांनी मध्ये कधीतरी गाडी मरून रंगवून घेतली होती. पॉलिश पेपर मारताना मरूनखाली करडा, त्याखाली फिकट पिवळा झालेला पांढरा. खरा पांढरा सापडला दरवाजाच्या आतल्या पॅनलमागे, जिथे चाळीस वर्षांत ऊन पोचले नव्हते. काकूंनी त्यावर बोट ठेवले आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. रंगवाल्याला तोच तुकडा नमुना म्हणून दिला.

भांडण पुढे झाले. भाच्याला हवे होते नंतरच्या ऑल्टोचे इंजिन, पाच गिअरचा बॉक्स आणि एसी. तो काही उथळपणे बोलत नव्हता. “मामा, काकूंचे वय ऐंशीच्या पुढे. मे महिन्यात ४५ अंशात त्या या गाडीत बसणार आहेत का? नाही तर आपण शोभेची वस्तू बनवतोय.” भेलचे स्नेही म्हणाले, इंजिन बदलले तर गाडी काकांची उरली कुठे? दोन रविवार पोहे गार झाले.

शेवटी कायद्याने थोडी मदत केली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मनमानी बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. दुसरीकडे २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची सोय केली. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. आमची २०३५ मध्ये पन्नाशी गाठेल. आज इंजिन बदलले तर तो दरवाजा बंद. तोपर्यंत मात्र दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्याची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली, २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांना १०,०००. जुने जपणे स्वस्त नाही, एवढे तरुण मंडळींनी ध्यानात ठेवूनच या नादाला लागावे.

इंजिन तेच ठेवले. पण भाच्याचे म्हणणे अगदीच टाकले नाही. सीटबेल्ट बसवले, त्यासाठी खांबाला आतून पट्टी जोडली. सीटखालचा फोम बदलला, डॅशवर छोटा पंखा लावला. एसीचा विषय काकूंनीच मिटवला. म्हणाल्या, “ह्यांच्या वेळेला कुठे होता?” भाच्याला ते पटलेले नाही. खरे सांगायचे तर मे महिन्यात मलाही पटत नाही.

हरपाल सिंग २०१० मध्ये गेले. त्यांची ती पहिली मारुतीही बरीच वर्षे उघड्यावर पडून होती. कंपनीने ती पुन्हा मूळ रूपात आणून आपल्या मुख्यालयात ठेवली आहे. फोटो पाहून भाचा म्हणाला, “त्यांच्याकडे आख्खी कंपनी होती मामा, आपल्याकडे उस्ताद.” उस्तादांनी यावर चहा मागवला.

तपासणीला गाडी नेली तेव्हा चासी नंबर वाचायला साहेब स्वतः वाकले. पास झाली. घरी न येता सरळ गणेश मंदिराला गेलो, काकू पुढे, मी मागे फडके आणि बाटली घेऊन. बाटली लागली नाही, डिसेंबर होता.

उजव्या टेल लॅम्पची काच मात्र अजून मिळालेली नाही; लाल अॅक्रिलिक कापून तात्पुरते भागवले आहे. ग्वाल्हेर, कानपूर, भोपाळ सगळीकडे विचारून झाले. कोणाच्या माळ्यावर १९८४-८५ च्या मारुतीचे काही पडलेले असेल, तर आरतीनंतर मला जरूर गाठावे.